मातीला पाय न लावता

आईला रणगाड्यात चढवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. मागून ढकलावं तर तिचा खुबा दुखायचा, पुढून ओढावं तर पदर अडकायचा. शेवटी मी तिला पाठुंगळी घेतली, वाकून आत शिरलो आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर गोधडीची चौघडी टाकून बसवली. सकाळचे सात वाजले असतील. शूटिंगवाले वडाखाली चहा पीत होते आणि त्यांच्या रणगाड्यात कोण येऊन बसलंय, याचा कुणाला पत्ता नव्हता.

आईनं आत सगळीकडं नजर फिरवली. बांबू, पत्रा, गोणपाट, तारेचे पीळ.

"म्हैपा, ही लढाईची गाडी म्हणायची?"

"व्हय."

"मग ह्यात चूल कुठं मांडत्यात?"

मी म्हटलं, आये, आता गप बस, बाहेर आवाज जातो. तर तिनं पदराआडून भाकरीचं गठुडं काढलं आणि मांडीवर घेऊन बसली. आक्कासाठी तिळाची चटणी होती त्यात. लेकीच्या गावाला रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणे, मग रणगाड्यातून का जाईना.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रातली. मी बावीस वर्षांचा होतो आणि आमच्या धामणोशीच्या पाटलांचा ट्रॅक्टर चालवत होतो. मुंबईची एक कंपनी गावात पिक्चर काढायला आली होती. पिक्चर लढाईचा. आपला एक रणगाडा सरहद्दीची नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात घुसतो, तिथं बंद पडतो, आणि आतले चार जवान दोन दिवस तसेच अडकून राहतात, अशी त्याची कथा. खरा रणगाडा त्यांना कुणी दिला नाही. मग त्यांनी पाटलांच्या ट्रॅक्टरवर बांबूचा सांगाडा बांधला, पत्रे ठोकले, हिरवा रंग फासला आणि विहिरीवरचा जुना पाइप तोफ म्हणून पुढं खोचला. लांबून बघाल तर छाती दडपून जाईल. जवळ आलात की डिझेलचा वास आणि पाटलांच्या ट्रॅक्टरची ती ओळखीची खोकल्याची उबळ. आत बसून गाडी हाकणारा मी. मला बाहेरचं दिसायचं ते समोरच्या एका फटीतून, आणि बाहेरच्याला मी अजिबात दिसायचो नाही. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी ध्यानात ठेवली होती.

सरहद्दीची नदी म्हणून त्यांनी आमचा ओढा धरला आणि शत्रूचा मुलूख म्हणून पलीकडचं कोळदरं. डायरेक्टर मुजुमदारसाहेबांना त्यात गंमत वाटली नाही, कारण त्यांना आमचा इतिहास ठाऊक नव्हता. धामणोशीचं आणि कोळदऱ्याचं सात वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय, तर जत्रेतली शेवटची कुस्ती. आमच्या पैलवानानं त्यांचा पैलवान चीत केला, आम्ही म्हणतो पाठ टेकली, ते म्हणतात टेकली नाही. तिथून दगडं उडाली. मग दोन्ही गावांनी आपापल्या देवळात बेलभंडार उचलला: त्यांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या मातीला पाय लावायचा नाही. गंमत बघा, दोघांचीही शपथ एकच. आम्ही त्यांच्या बोलावण्याची वाट बघतोय आणि ते आमच्या. अशी सात वर्षं निघून गेली.

आणि माझी आक्का, हौसा, त्या कुस्तीच्या आधी तीन महिने कोळदऱ्यात नांदायला गेली होती. ज्याची पाठ टेकली का नाही टेकली तो पैलवान म्हणजे तिचा थोरला दीर. आता बोला. तिची सासू तानूबाई म्हणजे कोळदऱ्यातलं बडं प्रस्थ. सून माहेरी पाठवायची नाही म्हणजे नाही. आमचा बाजार सोमवारचा, त्यांचा शुक्रवारचा, तोही दुसऱ्या गावाला. म्हणजे चोरून गाठ पडायचीही सोय नाही. आईनं भंडार स्वतःच्या हातानं उचललेला, त्यामुळं तीही जायची नाही. देवाला दिलेला शब्द म्हणजे तिच्या लेखी वाळवणावर ठेवलेला दगड, तो हलवायचा नाही.

वर्षातून एक दिवस मात्र मायलेकी एकमेकींना बघायच्या. श्रावणात आमच्याकडं शिव्यांचा दिवस असतो. दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि तासभर एकमेकींना शिव्या घालतात. चाल फार जुनी, भांडणाच्याही आधीची. यानं पाऊस धरतो म्हणतात. त्या दिवशी काहीही बोला, राग धरायचा नाही, आणि तो दिवस सरला की वर्षभर तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही. तर सहा श्रावण माझी आई आणि आक्का समोरासमोर उभ्या राहून शिव्याच घालत होत्या. "तुझ्या चुलीत मांजर व्यालं" म्हणून आई ओरडायची, तिचे डोळे मात्र लेक वाळली का भरली ते बघायचे. आक्का पलीकडून "तुझं नातवंड मोडकं दार लोटून पळालं" म्हणायची, की आईला कळायचं, पोर चालायला लागलं.

आदल्या श्रावणात घोटाळा झाला. शिव्यांच्या दिवसाआधी आठवडाभर आई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती खाटेवर. काठावर आक्का मान उंचावून तिला शोधत राहिली. तेव्हा आमच्या आळीतल्या कोंडाकाकूला कणव आली आणि तिनं ओरडून सांगितलं, "तुझी आय मोडून पडली गं." पण त्या दिवशी शंभर बायका शंभर जणींच्या आयांना मारत होत्या. ही शिवी का निरोप, हे आक्काला कळणार कसं? ती तशीच उभी राहिली आणि मग मटकन खाली बसली, असं काकूनं घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. "पोरगी मला मेली समजून रडत आसंल. एकदा नुसतं तोंड दावू दे तिला." दिवसातून दहा वेळा हेच.

शूटिंगला परवानगी देताना कोळदऱ्याच्या सरपंचांनी अट घातली होती: धामणोशीचा माणूस आमच्या मातीला पाय लावणार नाही. मुजुमदारसाहेब म्हणाले, ड्रायव्हर आतच बसतो, खाली उतरणारच नाही. सरपंचांनी विचार करून मान डोलावली. हे मी घरी येऊन सांगितलं, तर आई खाटेवर उठूनच बसली.

"म्हंजे गाडीत बसल्यावर पाय लागत न्हाई?"

"तसं त्यांनीच मान्य केलंय."

"मग माझा बी कसा लागंल?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. एवढंच काय ते आमचं खलबत.

साडेसातला सबनीस आले. हे आमचे हिरो, रणगाड्याचे कॅप्टन. पुण्याला नाटकात कामं करायचे. वर पत्र्याला झाकणाचं भोक होतं, त्यातून छातीपर्यंत बाहेर निघून दुर्बिणीनं बघत राहायचं, एवढं त्यांचं काम. बाकीचे तीन जवान नुसते शहरातल्या शूटिंगपुरते होते, इथं त्यांची गरज नव्हती. सबनीस आत वाकले, फळीवर पाय ठेवला आणि त्यांना लुगडं दिसलं.

त्यांनी मला विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, आई आहे. ते म्हणाले, कुणाची. मी म्हटलं, माझीच, दुसऱ्याची कशाला आणीन. त्यांचा चेहरा पडला. मुजुमदार मला या पिक्चरमधून काढतील, हा माझा पहिला मोठा रोल आहे, असं ते अगदी कळवळून सांगायला लागले. माणूस वाईट नव्हता हो. मी सगळी हकिकत थोडक्यात सांगितली. आईनं गठुडं सोडलं, चतकोर भाकरीवर चटणी ठेवली आणि त्यांच्यापुढं धरली.

"खा लेकरा. उपाशीपोटी लढाई करू नये."

सबनीसांनी भाकरी हातात घेतली. एक घास खाल्ला. मग वरच्या भोकातून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "रेडी!" तेव्हापासून मी नाटकवाल्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

ओढा कोरडाठाक होता. आम्ही खडखडत उतरलो, चढलो, आणि शत्रूच्या मुलखात शिरलो. अख्खं कोळदरं शूटिंग बघायला लोटलं होतं. ठरल्याप्रमाणं रणगाडा पुढच्या माळावर जाऊन बंद पडायचा होता. तो त्याच्या शंभर पावलं अलीकडंच, आक्काच्या खळ्यासमोर, आचके देऊन थांबला. ट्रॅक्टरचं काय, कधीही बंद पडतो. मुजुमदारसाहेब धावत आले, पत्र्यावर काठी आपटून मला नाही नाही ते बोलले. मी आतून म्हटलं, साहेब, इंजिन तापलंय, काटा चढलाय, अर्धा तास तरी हलायची नाही. त्यांनी उन्हाकडं बघितलं, खळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, इथंच घेऊ.

आता शॉट असा होता की शत्रूच्या गावच्या बायका रणगाड्याला गराडा घालतात आणि संतापून आरडाओरडा करतात. साहेबांनी बायकांना सांगितलं, ओरडा. बायकांनी पदर तोंडाला लावला. साहेब म्हणाले, अहो, हे तुमचे वैरी आहेत, शिव्या द्या. एकही तोंड उघडेना. ज्या बायका श्रावणात आभाळ फाडतात, त्या लग्नाच्या फोटोला उभ्या राहिल्यासारख्या उभ्या. साहेबांना वाटलं, भित्र्या आहेत. कोण सांगणार त्यांना, की बिनदिवसाची शिवी म्हणजे आमच्याकडं पाप.

तासभर असा गेला. आत आई घामानं भिजली होती आणि फटीला डोळा लावून बसली होती. "दिसंना रं," एवढंच म्हणत होती. शेवटी तानूबाई पुढं आली. लांबसडक बाई, कपाळावर आडवं कुंकू. तिनं साहेबांना विचारलं की हे खोटंखोटंच आहे ना, पिक्चरमधल्या शिवीचं पाप लागत नाही ना. साहेब म्हणाले, मुळीच नाही. तिनं मागं वळून हाक मारली.

"हौसे, ये हिकडं. माहेरची गाडी हाय, तूच बोल तिला. तुझा आवाज चांगला हाय."

गर्दीतून आक्का आली. सात वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. गालफडं बसलेली, डोळे खोल. सासूनं सांगितलं म्हणून आली, पण तोंड उघडेना. नुसती रणगाड्याकडं बघत राहिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चाकावर पाय देऊन सरळ वर चढली आणि झाकणाशी येऊन सबनीसांची कॉलर धरली. तिला बहुतेक आतल्या ड्रायव्हरला एवढंच विचारायचं होतं, की आई आहे का गेली. सबनीस शहाणे. ते चटकन खाली बसले. भोक मोकळं झालं, आणि त्यातून आक्कानं आत वाकून बघितलं.

आई मान वर करून बसली होती.

बाहेर कॅमेऱ्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. आक्काचं तोंड उघडं राहिलं. मी मनात म्हटलं, संपलं, आता ही 'आई' म्हणून हंबरडा फोडणार आणि दगडं उडणार. पण माझी आक्का आईचीच लेक. तिनं एक हात झाकणातून खाली घातला, आईचा हात गच्च धरला, मान बाहेर काढली आणि अशी सुरू झाली की झाडावरची पाखरं उडाली.

"मुडदा बशिवला तुझा! सालभर कुठं मेली हुतीस? माझ्या जिवाला घोर लावून कुठं तोंड काळं केलंस? मेलीस म्हनून सांगितलं मला लोकांनी, मेलीस म्हनून!"

आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. आई खालून हळूच म्हणत होती, "न्हाई गं मेले, खुबा मोडला हुता." वरून आक्का ओरडत होती, "मग सांगाय काय झालं हुतं, तुझ्या जिभंला काय किडं पडलं हुतं?" तिच्यामागं सगळ्या बायकांना चेव आला. पाप लागत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी तोंडं सोडली. मुजुमदारसाहेब आनंदानं नाचत होते. खाली फळीवर बसलेले सबनीस गुडघ्यात डोकं घालून रडत होते. मीही रडत होतो, पण माझा पाय क्लचवर होता.

आईनं चटणीचं गठुडं आक्काच्या हातात दिलं, ते तिनं पदरात लपवलं. मग ती खाली उतरली. त्याबरोबर आमचा ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात चालू झाला. बंद करायची दांडी मी ओढली होती, ती आत ढकलली, एवढंच. गाडी वळवताना तानूबाई फटीजवळ आली. तिनं आत डोळा लावला नाही, पण मला ऐकू जाईल असं बोलली.

"बंद पडायला जागा बरी घावली रं तुला."

मी गाडी अशी पिटाळली की तोफ ओढ्यात गळून पडली.

पुढच्या उन्हाळ्यात पिक्चर आला. तालुक्याच्या जत्रेत तंबू लागला. एका बाजूला आम्ही, एका बाजूला कोळदरेकर, मध्ये दोरी. आईला मी बैलगाडीतून नेलं होतं. तो शॉट आला. आक्काच्या तोंडी त्यांनी कुणा शहरातल्या बाईचा आवाज घातला होता, ती हिंदीत काहीतरी वतनबितन म्हणत होती. मी हुश्श केलं. आणि तेवढ्यात पडद्यावर झाकणातून एक हात वर आला. सुरकुतलेला, मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेला, हिरव्या काचेच्या बांगड्यांचा. त्या हातानं आक्काच्या गालावरचं पाणी पुसलं आणि परत आत गेला. आवाज बदलता येतो हो, हात कसा बदलणार? आणि तो हात धामणोशीत आणि कोळदऱ्यात कोण ओळखत नव्हतं? दोन्ही गावांतली निम्मी पोरं त्या हातानं न्हाऊमाखू घातलेली. माझी आई सुईण होती.

दोरीच्या पलीकडं तानूबाई उठली, पदर सारखा केला आणि पिक्चर अर्धा टाकून निघून गेली. तिच्यामागं मान खाली घालून आक्का.

दुसऱ्या दिवशी आईला देवळात बोलावलं. तिनं उंबऱ्याबाहेर बसूनच विचारलं, माझा पाय त्यांच्या मातीला लागलेला कुणी बघितला असेल तर त्यानं पुढं यावं. म्हाताऱ्यांनी बराच खल केला आणि पाय लागला नाही असं ठरवलं. पण आईचं चित्त त्यात नव्हतं. आता आक्काला तिथं काय भोगावं लागत असेल, हाच घोर. दोन महिने कसलीच खबर नाही. मी तर स्वतःलाच बोल लावत होतो. चार घटकांच्या भेटीपायी मी बहिणीचा संसार मोडला, असं वाटून रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

श्रावण आला. शिव्यांच्या दिवशी आई काठी टेकत ओढ्यावर गेली. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. पलीकडं सगळ्या होत्या, आक्का नव्हती. आई मान उंचावून तिला शोधायला लागली. शिव्या सुरू व्हायच्या, पण कोळदऱ्याच्या बायका गप्प होत्या. त्यांची गर्दी फाकली आणि तानूबाई एकटी पाण्याच्या कडेला आली. दोन्ही हात कमरेवर.

"अगं ए लंगडे! चोरावानी डब्यात बसून लेकीला भेटाया येतीस, लाज वाटत न्हाई? पाय हायती का मोडून खाल्लंस? दम आसंल तर आत्ता ये चालत, पुरनपोळीचं ताट तुझ्या म्होरं आदळती का न्हाई बघ!"

आमच्या गावच्या म्हाताऱ्यांत कुजबुज लागली. एक म्हणाला, शिवीच ती, दुसरा म्हणाला, ताटाचं नाव काढलं म्हणजे बोलावणं झालं. तिसऱ्यानं सुचवलं, देवळात जाऊन खल करू.

आई त्यांच्यासाठी थांबली नाही. तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाण्यात पाय घातला. मी आधार द्यायला पुढं झालो, तर तिनं काठीनंच मला मागं सारलं. "तुला कुठं बोलावलंय?" म्हणाली. मधोमध जाऊन थांबली, दम घेतला, आणि सगळ्या ओढ्याला ऐकू जाईल असं तानूबाईला ओरडून म्हणाली, "तूप घाल गं त्येच्यावर, मेले, हात आखडू नगं!"

पलीकडच्या गर्दीतून आक्का धावत आली. हात कोपरापर्यंत पुरणानं माखलेले होते.